दोनच बटणं होती

"का विकताय?" एवढंच विचारलं होतं हो मी! दोन शब्द. शिवी नाही, टोमणा नाही, घासाघीस नाही... का विकताय? त्या लिलावाच्या साइटवर जाहिरातीच्या खाली एक चौकट असते ना, 'विकणाऱ्याला प्रश्न विचारा', तिथं रीतसर विचारलं, स्पेलिंग आईला विचारून विचारलं, आणि उत्तर? नाही! अजून नाही! बाकी सगळ्या दुनियेला उत्तरं मिळाली. एकानं विचारलं ट्रेलरची टायरं नवीन आहेत का, त्याला उत्तर. एकीनं विचारलं ग्रेमाउथपर्यंत आणून द्याल का, तिला उत्तर. एका शहाण्यानं विचारलं, अर्धे पैसे आणि एक मेंढ्या हाकणारा कुत्रा घेता का, तर त्यालाही उत्तर, 'नको, पण कुत्रा गोड आहे.' म्हणजे कुत्र्याला उत्तर आहे, मला नाही! आणि त्या साइटचा नियम माहीत आहे ना? विकणाऱ्यानं उत्तर दिलं तरच प्रश्न लोकांना दिसतो. उत्तर नाही तर प्रश्नही नाही. म्हणजे मी विचारलंच नाही! मी म्हणजे नदीतलं धुकं!

थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगतो. नाही, पहिल्यापासून नको. पहिल्यापासून सांगायला गेलो की माझं काहीतरी होतं. होडीपासून सांगतो.

होडी माझ्या भावाची. डेक. डेक्लन, पण डेक्लन त्याला फक्त फादर म्हणायचे, तेही चर्चमधून पळून गेला की. बारा फुटी पत्र्याची होडी, मागं जुनं इंजिन, खाली ट्रेलर. तुम्ही म्हणाल त्यात काय, आमच्या होकिटिका गावात प्रत्येक घराच्या मागं एक होडी आणि पुढं एक मोडकी गाडी असतेच. असते! पण ही डेकची. सप्टेंबर लागला, व्हाइटबेट नदीत चढायला लागले की आम्ही दोघं पहाटे त्या होडीत. तो जाळं धरणार, मी बादली धरणार. काडीएवढे मासे, काचेसारखे, आरपार दिसणारे, आणि बादलीभर मिळाले की हा राजा! अंड्यात कालवून तळायचे, ब्रेडवर घालून खायचे, आणि शेजाऱ्यानं विचारलं कुठं मिळाले की दोघांनी एकदम सांगायचं, "नदीत." जागा नाही सांगायची! इथं माणूस बायकोचं वय सांगेल, जागा नाही सांगणार.

तर डेक ऑगस्टमध्ये गेला. लाकूडतोडीच्या कामावर. एवढंच. पुढचं नाही सांगत.

आणि त्यानंतर दोन महिन्यांनी, गुरुवारची गोष्ट, मी जेवणाच्या सुट्टीत बसलोय. मी कुंपणं घालतो, खांब ठोका, तारा ओढा, शिकलेल्या माणसाचं काम नाही ते, आणि माझी शाळा कशी झाली ते आमच्या मास्तरीणबाईंना विचारू नका, त्या आता कुठं जरा बऱ्या झाल्यात. सुट्टीत मी काय करतो, ती लिलावाची साइट उघडून बसतो. मला एक जुनी गाडी घ्यायची होती, मागं डबा असलेली, त्यासाठी साठवत होतो. घेत काही नाही, नुसतं बघतो. डेक म्हणायचा, "तू तिथं राहायलाच का जात नाहीस? भाडं तरी वाचेल."

तर बोट फिरवतोय फिरवतोय... आणि होडी.

डेकची होडी! त्याच्याच अंगणात उभी, मागं मार्नीची वाळत घातलेली चादर. मार्नी म्हणजे माझी वहिनी. फोटोत होडी धुतलेली, चकचकीत. डेकनं आयुष्यात कधी धुतली नव्हती! मी ओळखलीच नसती, पण डाव्या बाजूचा पोचा दिसला. हातातला पाव तिथंच पडला, आणि बॉसचा कुत्रा तो घेऊन गेला, आणि मी काही म्हटलं नाही. मी! पाव नेला आणि मी गप्प! यावरून ओळखा.

आता नीट ऐका, कारण सगळी मेख इथं आहे. त्या जाहिरातीत दोन बटणं होती. तुम्हाला सांगतो, दोनच बटणं होती! एक, 'बोली लावा', सुरुवात एक डॉलरपासून. दुसरं, 'लगेच घ्या', अठराशे पन्नास. म्हणजे ठरीव किंमत. दुसरं दाबलं की विषय संपला, लिलाव बंद, होडी आपली, जगानं घरी जावं. पहिलं दाबलं तर दहा दिवस लढाई, जो शेवटी वर राहील त्याची.

आता तुम्ही काय केलं असतंत? नाही, सांगा ना! अठराशे पन्नास माझ्याकडे होते. बरोबर तेवढेच होते, म्हणजे अगदी तेवढेच, आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलंसुद्धा, की गंमत आहे, माझ्याजवळ आहेत तेवढीच किंमत. पण डोक्यात आलेली गोष्ट थांबेल तर ते डोकं माझं कसलं! मी काय विचार केला? अरे, शेजारी एक डॉलर लिहिलंय! एक डॉलरला मिळतंय तर अठराशे पन्नास कोण देईल? मूर्ख आहे का मी?

तेवढ्यात फोन वाजला. आई. मी कापला! बोली लावत होतो ना! एवढ्या महत्त्वाच्या कामात आईचा फोन घेतात का? ती विचारणार, मटण आणू की कोंबडी. पुन्हा वाजला. पुन्हा कापला! आणि दाबलं. एक डॉलर. हिरवी पट्टी आली, 'तुमची बोली सर्वांत वर आहे.' मी उभा राहिलो, हात वर केले, बॉस ओरडला, "काय रे, लग्न ठरलं का?"

आणि मग खाली बघतो तर... दुसरं बटण गेलं.

गेलं म्हणजे गेलं! नाही! होतं तिथं रिकामी जागा! मी फोन झटकला, बंद केला, चालू केला, पँटला पुसला. नाही. बॉस आला, त्यानं बघितलं, म्हणाला, "अरे बाबा, पहिली बोली पडली की 'लगेच घ्या' उडतं. एक तर ठरीव किमतीला घे, नाहीतर लिलाव कर. दोन्ही कसं चालेल? कुणीतरी बोली लावली बघ."

म्हटलं, "मीच लावली."

"किती?"

"एक डॉलर."

त्यानं फोन माझ्या खिशात परत घातला. मग म्हणाला, "खांब ठोक, जा."

संध्याकाळी घरी गेलो, तर आई दारातच उभी. आमची आई दारात उभी असली की समजायचं, आज जेवण नंतर.

"फोन का कापलास?"

"कामात होतो."

"कसल्या कामात?"

"डेकची होडी घेत होतो!" मी छाती काढून सांगितलं. "एक डॉलरला!"

आई खुर्चीवर बसली. एकदम अशी, पोतं ठेवल्यासारखी. म्हणाली, "अरे गाढवा... ती अठराशे पन्नास किंमत तुझ्यासाठी होती."

म्हटलं, "म्हणजे?"

तर म्हणाली, "मार्नी मला विचारायला आली होती, त्याच्याजवळ किती साठलेत म्हणून. मी सांगितलं. ती म्हणाली, तेवढीच लावते. ती माहेरी चालली आहे, नेल्सनला, तिला घर भाड्यानं घ्यायचंय, पोटात सहा महिन्यांचं आहे, फुकट देणं तिला परवडत नाही आणि तुला जास्त परवडत नाही. म्हणाली, तो दिवसभर तिथंच पडलेला असतो, तोच पहिला बघेल. टाकल्याबरोबर तिनं मला फोन केला, सांगा त्याला, अठराशे पन्नासचं बटण दाब, बोलीला हात लावू नकोस. आणि त्याला नको असेल तर मग लोकांत जाऊ दे. म्हणून मी तुला फोन करत होते! दोनदा!"

दोनच बटणं होती हो! दोन! आंधळ्यानं हात फिरवला असता तरी निम्म्या वेळा बरोबर लागला असता! आणि आयुष्यात मी प्रत्येक ठिकाणी उशिरा पोचलेला माणूस, शाळेत उशिरा, कामावर उशिरा, डेकच्या लग्नात अंगठ्या माझ्या खिशात आणि मी उशिरा... एकदाच वेळेवर पोचलो, पाच मिनिटांत पोचलो, आणि हे केलं!

तुम्ही विचाराल, मार्नीनं सरळ तुलाच का नाही सांगितलं? बरोबर आहे. सांगणार कशी? मी तिचा फोन घेत नव्हतो. राग नाही हो! देवाशपथ राग नाही. पण फोनवर तिचं नाव आलं की... त्या दिवशी पण तिचंच नाव आलं होतं. मी हसत उचलला होता. म्हटलं, "काय गं, कुठं हरवला तुझा नवरा?" असंच म्हणायचो नेहमी. तर तेव्हापासून तिचं नाव आलं की मी फोन पालथा ठेवतो. आणि तिच्या घरी जावं तर ओसरीत त्याचे गमबूट. तिनं काढले नव्हते. एक उभा, एक आडवा, जसे त्यानं पायातून झटकले होते तसे. दफन झालं त्या दिवशी मी पायरीपर्यंत गेलो आणि परत आलो. चहा तिथं, सँडविच तिथं, सगळं गाव तिथं, आणि मी नदीवर.

तर आता बोलायची जागा राहिली एकच. ती चौकट! मी विचारलं, "का विकताय?" आईला विचारलं, विकताय शब्द कसा लिहितात, ती म्हणाली कशाला हवाय, म्हटलं लिही. पाठवलं. उत्तर नाही.

आई म्हणाली, "मार्नी लिलाव काढून टाकेल, मी बोलते." तेवढ्यात, अहो एका तासात, माझ्या एक डॉलरवर कुणीतरी अकरा लावले! नाव काय? 'कोंबडा४७'! माणसानं नाव ठेवावं कोंबडा? आणि सत्तेचाळीस म्हणजे काय, आधीचे सेहेचाळीस कोंबडे कुठं गेले? आणि परक्याची बोली पडल्यावर मार्नी मागं फिरणारी नाही. सरळ बाई. शब्द म्हणजे शब्द. डेक म्हणायचा, हिच्याशी पत्ते खेळण्यात मजा नाही, ही हरली की स्वतःच सांगते.

मग झाली सुरू लढाई. मी अडीचशे लावले, बोट उचलायच्या आत त्याचे दोनशे साठ. मी तीनशे, त्याचे तीनशे दहा. मी पहाटे चारला उठून लावले, म्हटलं झोपला असेल मेला, तर पापणी लवायच्या आत त्याचे वर! म्हटलं हा माणूस झोपत नाही, जेवत नाही, संडासला जात नाही, फोन हातात धरून नुसता बसलाय, माझ्या भावाच्या होडीवर टपून! मी त्याला इतक्या शिव्या दिल्या, इतक्या दिल्या, की शेवटी शेवटी नवीन सुचेनात, तेव्हा डेकच्या वापरल्या.

बॉस म्हणाला, "अरे, तो बसलेला नाही. त्यानं आपली कमाल सांगून ठेवली आहे. यंत्राला सांगायचं, माझ्या वतीनं अमुकपर्यंत जा, आणि यंत्र गरजेपुरतं थोडं थोडं चढवत राहतं. तू पण सांगून ठेव आणि काम कर."

म्हटलं, "यंत्राला माझी कमाल सांगू? आणि त्यानं कोंबड्याला सांगितलं तर?"

"नाही सांगत."

"तुझा चुलतभाऊ आहे का यंत्र?"

नाहीच सांगितली! मी हातानंच. दहा दहा डॉलर. आणि मधे मधे लोकांचे प्रश्न येत होते, मार्नी उत्तरं देत होती, आणि ती उत्तरं, काय सांगू तुम्हाला, चुकीची! तिला होडीतलं काय कळतंय, ती होडीत बसली की तोंड हिरवं. एकानं विचारलं, "डाव्या बाजूला पोचा कसला? गळते का?" हिचं उत्तर, 'माहीत नाही, सॉरी.' अहो, माहीत नाही काय! असं लिहिल्यावर लोक म्हणणार, होडी गळकी आहे! बरं, माझं तर भलंच होतं त्यात, किंमत पडली असती. पण मला बघवेना. डेकची होडी, आणि गळकी म्हणणार? मी लगेच चौकटीत लिहिलं. प्रश्नच विचारायचा असतो तिथं, म्हणून प्रश्न केला: "धक्क्याच्या खांबाला आपटली होती ना? डेकनं आतून वेल्डिंग केलंय ना? एक थेंब येत नाही ना?"

मला उत्तर नाही. पण तासाभरानं, त्या दुसऱ्या माणसाच्या प्रश्नाखाली तिनं लिहिलं, 'धक्क्याच्या खांबाला आपटली होती. आतून वेल्डिंग केलंय. एक थेंब येत नाही.'

म्हणजे वाचत होती! माझं सगळं वाचत होती!

मग मी लिहीतच सुटलो. इंजिनाला तेल किती, जाळं अडकवायचा हूक कुठं, सगळं प्रश्न करून करून. आणि ती माझं उत्तर दुसऱ्यांना देत होती. गावाला वाटलं, काय ही बाई, काय ज्ञान! आणि एका संध्याकाळी मला काय वाटलं कोण जाणे, मी लिहिलं: "आपटली तेव्हा धक्क्यावर कोण उभं होतं माहीत आहे का? निळा स्वेटर घालून? आणि तो पुढं बघायचं सोडून कुणाला हात करत होता?"

पाठवलं. पाठवल्यावर वाटलं, कशाला पाठवलं. मागं घेता येत नाही तिथं.

रात्र गेली. दुसरा दिवस गेला. कुणालाच उत्तर नाही. कुत्रेवाला पुन्हा आला होता, तोही ताटकळला. आणि मग तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो, तर पोच्याचं उत्तर जरा बदललेलं. 'धक्क्याच्या खांबाला आपटली होती. चालवणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे होतं. आतून वेल्डिंग केलंय. एक थेंब येत नाही.'

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. त्या दिवशी खांब सरळ बसला नाही एकही.

असो! असो. मग कोंबड्याची बाजू घेऊन तिसऱ्याच कुणीतरी विचारलं, "हा शून्य गुणांचा माणूस कोण आहे, उगाच किंमत चढवतोय? खोटा तर नाही ना?" शून्य गुण म्हणजे मी, साइटवर कधी काही घेतलंच नव्हतं ना! मला असा राग आला. मार्नीनं उत्तर दिलं. दोन शब्द. 'खरा आहे.'

आता रविवार. संध्याकाळी सात चाळीसला लिलाव संपणार. आईच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघं, मी, आई आणि आँटी बर्नी. आँटी जपमाळ घेऊन आलेली. टेबलावर भाजलेलं मटण, कुणी हात लावत नाही, फोन मधोमध, मिठाच्या डबीला टेकवून. माझे अठराशे पन्नास, आईनं गॅसबिलाचे घातले, आँटीनं बिंगोचे घातले, झाले बावीसशे. आणि कोंबडा बावीसशे दहावर!

सहा मिनिटं राहिली. पाच. आणि त्या साइटचा आणखी एक नियम, शेवटच्या दोन मिनिटांत कुणी बोली लावली की घड्याळ पुन्हा दोन मिनिटांनी वाढतं, म्हणजे शेवटच्या क्षणी उडी मारून कुणी चोरून नेऊ नये. चांगला नियम आहे. माणसांना का नाही तो?

आई म्हणाली, "संपले रे पैसे. सोड."

सोडलं मी. खरंच सोडलं. हात मागं बांधून बसलो. तीन मिनिटं. दोन. एक. घड्याळ लाल झालं, आणि फोटोत ती होडी, मागं ती चादर, आणि आकडे उतरतायत... आणि माझा हात गेला! मी नाही नेला, तो गेला! बावीसशे वीस!

हिरवी पट्टी. 'तुमची बोली सर्वांत वर आहे.'

आणि कोंबडा गप्प.

म्हणजे बघा, दहा दिवस पापणी लवायच्या आत वर येणारा कोंबडा, आणि आता हू नाही की चू नाही! त्याची कमाल संपली! आँटी ओरडली, "मिळाली! देवा, मिळाली!" आणि आई एकदम थंड आवाजात म्हणाली, "वरचे वीस डॉलर आहेत का तुझ्याकडे?"

"नाहीत."

"आणि गॅसबिल मी भरलंय आज दुपारी."

"म्हणजे?"

"म्हणजे मी तुला खोटा धीर दिला होता, मला वाटलं तू तेवढं जाणारच नाहीस!"

आता आँटी बर्नीकडे बघितलं, तर तिनं खिडकीकडे तोंड केलं. म्हणाली, "बिंगोचे पैसे... मिळणार आहेत. बुधवारी. देवाच्या मनात असलं तर."

म्हणजे मी जिंकत होतो! डेकची होडी जिंकत होतो, आणि पैसे नव्हते! मार्नी भाड्याच्या घराचं ठरवून बसलेली, ती या पैशांवर निघणार, आणि मी पैसे दिले नाहीत तर पुन्हा जाहिरात, पुन्हा दहा दिवस, आणि जिनं जगासमोर लिहिलं 'खरा आहे', तिला मी खोटी पाडणार! दीड मिनिट राहिलं. मी ओरडलो, "ये रे कोंबड्या! ये राजा! कुठं मेलास!" आई म्हणाली, "आँटी, जप करा, आपण हरायला पाहिजे!" आँटी म्हणाली, "आत्ताच जिंकायला केला ना? देवाला एक काय ते सांगा! मी निम्म्या माळेत आहे!" मी म्हटलं, "उलटी फिरवा माळ!" "उलटी फिरवत नाहीत, पाप लागतं!" आणि आम्ही तिघं टेबलाभोवती उभे, हात जोडून, चाळीस सेकंद, तीस, वीस... हयातीत मी देवाकडे मनापासून काही मागितलं असेल तर ते हे, की ही होडी मला मिळू देऊ नकोस! ऑगस्टमध्ये मागितलं होतं ते त्यानं ऐकलं नाही, मी पोचायच्या आधीच उशीर झाला होता. हे ऐकलं! बारा सेकंद राहिले असताना, कोंबडा४७, बावीसशे तीस!

आम्ही नाचलो हो! आई, आँटी, मी. नाचलो! मग दोन मिनिटं वाढली ना, तर आईनं माझा फोन घेतला आणि त्यावर बसली. मजबूत बाई आहे. तिथून कुणाची बोली निघणं शक्य नव्हतं.

उठली तेव्हा लिलाव संपला होता. आम्ही खाली बसलो. मटण गार झालेलं. आँटी म्हणाली, "हरलो एकदाचे." 

दोनच बटणं होती.

मंगळवारी आई म्हणाली, "घेणारा आज आठला येतोय. मार्नीला ट्रेलर पुढं ओढता येणार नाही त्या पोटानं." बस, एवढंच म्हणाली, आणि बटाटे सोलायला लागली. जा म्हणाली नाही.

गेलो. मागच्या बाजूनं गेलो. मार्नी कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी उभी होती, मोठं पोट, डेकचा शर्ट. म्हणाली, "आलास?" म्हटलं, "आलो." म्हणाली, "चहा?" म्हटलं, "हं." ट्रेलर पुढं काढला, टायरात हवा भरली, चाकाला ग्रीस घातलं. चहा घेतला. कप ती विसळत होती, तेव्हा मी विचारलं. तोंडानं विचारलं, चौकट नाही, काही नाही. "का विकतेस गं?" तिनं नळ आणखी मोठा केला. आणि तोच कप धूत राहिली.

मी पुन्हा नाही विचारलं.

कोंबडा आला. मला वाटलं होतं कुणी राक्षस उतरेल. उतरला एक म्हातारा, काठी टेकत, गुडघ्याला पट्टा! वॉली हॅनन नाव, रॉस गावचा, कोंबड्या पाळतो. म्हणाला, "मी गुडघ्याच्या ऑपरेशनला जाताना आकडा टाकून ठेवला आणि विसरलो. हॉस्पिटलातून आलो ते झोपूनच आहे. रविवारी नात ओरडत आली, आजोबा, कुणीतरी तुमच्या वर गेलं! म्हटलं दाब बाई एकदा, मग देव आहे." म्हणजे मी दहा दिवस कुणाशी लढलो? झोपलेल्या म्हाताऱ्याशी! तो नाही, त्याचा आकडा जागा होता!

मग म्हणाला, "कोण गाढव होता हो तो? दहा दहा डॉलर चढवत होता, चारला उठून?"

मी ग्रीसचा डबा बंद केला.

मार्नी म्हणाली, "होता एक जण. त्याला फार हवी होती."

"मग ते 'लगेच घ्या'चं बटण का नाही दाबलं त्यानं? नात सांगत होती, आधी कमी किमतीचं बटण होतं म्हणून."

मार्नी माझ्याकडे बघायला लागली, आणि तिचं तोंड असं हलायला लागलं... मला वाटलं रडते. रडत नव्हती! हसत होती! ऑगस्टनंतर पहिल्यांदा, पोट धरून, "एक डॉलर!" म्हणाली, "एक डॉलर लावला त्यानं!" आणि हसता हसता मग रडायलाच लागली, आणि मीही, आणि तो म्हातारा बिचारा काठी धरून मधे उभा, "अहो, मी जास्त दिले का? कमी दिले का?" असं विचारतोय.

ट्रेलर त्याच्या गाडीला जोडला, दोरी आवळली, होडी हलवून बघितली. वायर जोडली तर ट्रेलरचे मागचे दिवे लागेनात. नदीच्या मुखातल्या खाऱ्या पाण्यानं सगळं आतून खाल्लेलं. सूर्य गेलेला, रॉसचा रस्ता वळणांचा, लाकडाचे ट्रक सुसाट येतात मागून. म्हातारा म्हणाला, "हळू जाईन." मार्नी नुसती रस्त्याकडे बघत राहिली. ट्रक कुठल्या कंपनीचे, ते तिलाही माहीत होतं, मलाही.

तर मी आईची गाडी काढली. होडीच्या मागं लागलो, चारी दिवे उघडझाप करत, चाळीसच्या वेगानं. माझ्या मागं ही रांग! भोंगे, शिव्या, एक जण खिडकीतून डोकं काढून विचारतो, "कुणाची अंत्ययात्रा आहे का रे?" एकालाही पुढं जाऊ दिलं नाही. ट्रकवाला आला, दिवे मारले, मी रस्त्याच्या मधोमध. रॉसच्या वळणावर म्हाताऱ्यानं हात बाहेर काढून हलवला, बास, पोचलो. होडी वळली. मी एकदा दिवे मारले, मग बंद केले, आणि बाजूला थांबलो.

मग रांगेतला एकेक जण शिवी देऊन पुढं गेला. घेतल्या. सगळ्यांच्या घेतल्या.